पडेल पिच्चरांचा मुलूख: वऱ्हाडातल्या ‘हलक्या’ सिनेमाचा इतिहास

हाणामारीचे स्टंटपट, पहिलवानांचे पोशाखी चित्रपट, थोडक्या पैशांत उरकलेले देवादिकांचे पट, भुताखेतांचे पिच्चर, दादा कोंडक्यांची द्वयर्थी विनोदी चित्रे आणि पदर भिजवणाऱ्या सासुरवाशिणीच्या कहाण्या. विसाव्या शतकातल्या वृत्तपत्री समीक्षेने ज्यांना हलके, टुकार किंवा भडक ठरवले, त्या साऱ्यांना वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या हक्काचा प्रेक्षक मिळाला. अमरावती आणि अकोला ही दोन मोठी गावे, त्यांच्या भोवतीची अचलपूर-परतवाडा, मूर्तिजापूर, अकोट, दर्यापूर यांसारखी बाजाराची गावे आणि त्यांच्याही पलीकडच्या यात्रा असा या आवडीचा विस्तार होता. शिकलेल्या वर्गाने तिच्याकडे बहुधा अडाणीपणाचा पुरावा म्हणून पाहिले. पण कापसाचा पैसा, रेल्वेचे रूळ, चित्रपट वितरणाची रीत, यात्रांची परंपरा आणि दंडार-तमाशाने घडवलेली नजर या सगळ्यांतून ती तयार झाली होती. तिच्याभोवतीचा चोरटेपणा मागाहून आला, आणि तो शिकलेल्या घरांतून आला.

वऱ्हाडाला सिनेमाच्या आधी रेल्वे मिळाली. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा १८६७ मध्ये नागपूरला भिडला. अमरावती बडनेऱ्याहून निघालेल्या छोट्या फाट्याने या मार्गाला जोडली गेली. हा लोहमार्ग कापसासाठी होता. सरकी काढणारे जिनिंग आणि गाठी बांधणारे प्रेसिंग कारखाने स्टेशनांच्या आजूबाजूला उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर मजूर, हमाल, अडते, दलाल, गाडीवान अशी रोख पैसा हाताळणारी वस्ती वाढली. १९०२ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिले आणि १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडले गेले. कारभाराचे केंद्र नागपूर झाले, तरी पैशाचा आणि करमणुकीचा ओघ मुंबईकडूनच येत राहिला.

त्या काळी वऱ्हाडातल्या प्रतिष्ठितांची आवड नाटकाची होती. अमरावतीचे वकील आणि टिळकांचे निकटचे सहकारी दादासाहेब खापर्डे १९०५ मध्ये मुंबईला भरलेल्या पहिल्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष होते. संगीत नाटक हे सुशिक्षित घरांना शोभणारे मनोरंजन मानले जाई आणि नाटकगृह ही गावातली मानाची जागा असे. अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात तर इतिहासच घडला: अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहाच्या पार्श्वभूमीवर १३ नोव्हेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाड प्रांतिक परिषद तिथे भरली. नाटकगृहाला असे वजन होते. हलत्या चित्रांचा खेळ त्याच्या शेजारी आला तो खालच्या पायरीवरचा पाहुणा म्हणून.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये पडद्यावर आला आणि पौराणिक पटांना सर्व थरांतला प्रेक्षक मिळाला. पण १९२०च्या दशकात सामान्य प्रेक्षकाला सर्वांत जास्त ओढ लागली ती अमेरिकन साखळीपटांची. एडी पोलो हा त्यांचा नायक. धावत्या गाडीवरून उडी, कड्यावर लोंबकळणे, दर भागाच्या शेवटी जिवावरचा प्रसंग. सरकारने १९२७ मध्ये टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सिनेमॅटोग्राफ समितीचा अहवाल १९२८ मध्ये निघाला, आणि शिकलेल्यांची पसंती व सामान्यांची पसंती यांतले अंतर तेव्हाच चर्चेचा विषय झालेले होते. बोलपट आल्यावर वाडिया मूव्हीटोनच्या ‘हंटरवाली’ने १९३५ मध्ये हीच ओढ हिंदीत आणली. नाडिया म्हणजे मेरी इव्हान्स हातात हंटर घेऊन गुंडांना लोळवायची. तिचे हिंदी अडखळते होते आणि कथेत सांधेच सांधे होते. गोष्ट समजायला भाषेची गरज मात्र नव्हती. वऱ्हाडी, हिंदी, उर्दू, मारवाडी, कोरकू अशा अनेक बोलींच्या बाजारगावात हा गुण मोठा होता.

या मुलुखात कोणता पिच्चर येणार हे प्रेक्षक ठरवत नव्हता, वितरणाची साखळी ठरवत होती. हिंदी चित्रपटाच्या व्यापारात देशाचे जे भाग पाडलेले आहेत त्यांत विदर्भ, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशाचा लगतचा मुलूख मिळून ‘सीपी बेरार’ होतो. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा राजकीय प्रांत १९५० मध्ये नावानिशी संपला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड मुंबई राज्यात आले, तरी चित्रपटाच्या सौद्यांत इंग्रजी राजवटीचा तो नकाशा तसाच टिकला. वितरकांच्या पेढ्या अमरावतीत होत्या, आणि त्याहून मोठे ठाणे होते खानदेशातले भुसावळ. भुसावळला एक फाटा नागपूरकडे तर दुसरा खांडवा-इटारसीकडे फुटतो, म्हणून रिळांच्या पेट्या दोन्हीकडे पाठवायला ते जंक्शन सोयीचे पडे. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन या वितरक-प्रदर्शकांच्या संघटनेचे मुख्यालयही भुसावळलाच आहे.

अडीच तासांच्या चित्रपटाची लांबी सुमारे साडेतेरा हजार फूट. हजार फुटांची तेरा-चौदा रिळे पत्र्याच्या पेट्यांत भरून रेल्वेने जात. प्रिंट काढणे महाग, म्हणून नव्या चित्रपटाच्या प्रिंटा मोजक्या निघत आणि त्या आधी मुंबई, दिल्ली, नागपूर अशा मोठ्या ठिकाणी अडकून राहत. अमरावती-अकोल्याला मोठ्या नटांचा चित्रपट यायला उशीर होई, मूर्तिजापूर-अकोटला त्याहून जास्त, आणि खेडोपाडी तो पोहोचे तेव्हा प्रिंटवर पावसाच्या धारांसारख्या रेघा पडलेल्या असत. तुकडे जोडताना वाक्ये गळत, गाणी अर्धी होत. ज्या चित्रपटात संवादांच्या बारकाव्यावर सारी मदार असे तो अशा प्रिंटवर मरून जाई. मारामारी, नाच, चमत्कार आणि ठसकेबाज विनोद मात्र झिजलेल्या रिळातूनही पोहोचत. हे लक्षात घेतल्याशिवाय या प्रेक्षकाची निवड नीट कळत नाही. त्याच्यासमोर येईपर्यंत ‘चांगला’ सिनेमा पुष्कळदा चांगला उरलेला नसे.

पैशाचे गणितही त्याच बाजूचे होते. मोठ्या नटाच्या चित्रपटासाठी वितरक आगाऊ हमी रक्कम मागत. छोट्या गावाच्या टॉकीजवाल्याला ती झेपत नसे. ठरावीक भाड्याने मिळणारे जुने किंवा कमी खर्चाचे पिच्चर त्याला परवडत. शिवाय इथला धंदा हंगामी होता. दसरा-दिवाळीनंतर कापूस घरात येऊ लागतो आणि वेचणी माघ-फाल्गुनापर्यंत चालते. त्या काळात मजुराच्या हाती चार पैसे असत. १९७२ मध्ये राज्याने एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केल्यावर शेतकऱ्याचा पैसा चुकाऱ्यांच्या रूपाने टप्प्याटप्प्याने मिळू लागला आणि चुकारा झाला की तालुक्याच्या गावी बाजार, कपडालत्ता आणि पिच्चर असा बेत ठरे. वर्षातून दोन-चार वेळाच टॉकीजची पायरी चढणाऱ्या माणसाला त्या तिकिटात सगळे हवे असे: हसू, रडू, देव, मारामारी आणि सहा गाणी. एकाच रसाचा संयमी चित्रपट त्याला अपुरा वाटे, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर हा हिशेब चोख होता.

स्वातंत्र्याच्या आगेमागे आणि नंतरच्या दशकांत दोन्ही शहरांत टॉकीजची संख्या वाढली. अमरावतीत चित्रा, प्रभात, सरोज या टॉकीजनी आपापल्या चौकांना नावे दिली. अकोल्यात वसंत टॉकीज, राधाकृष्ण टॉकीज ही नावे गावाच्या तोंडी बसली. आत बसण्याची उतरंड पक्की होती. पडद्याच्या पुढ्यात थर्ड क्लास, त्यामागे वरचे वर्ग, माथ्यावर बाल्कनी. वकील, प्राध्यापक, व्यापारी यांची कुटुंबे बाल्कनीत. हमाल, रिक्षावाले, जिनातले मजूर आणि शाळा बुडवलेली पोरे पुढे. शिट्ट्या आणि चिल्लर पुढून सुटत. कोणता पिच्चर किती दिवस टिकणार याचा निकाल तेच पुढचे लोक लावत, कारण आठवड्याच्या मधल्या दिवशी बाल्कनी ओस पडे आणि थर्ड क्लास भरलेला असे. त्यांची दाद मोकळी होती. नायकाने उशीर केला तर ते त्याला ओरडून सावध करत, खलनायकाला शिव्या घालत, गाणे आवडले तर ते पुन्हा लावायला ऑपरेटरला भाग पाडत. कीर्तनकाराला हुंकार द्यायची आणि दंडारीतल्या सोंगाशी बोलायची ज्यांना सवय, ते पडद्याशीही बोलले.

दंडार हा वऱ्हाडाचा जुना नाचगाण्याचा खेळ. पुरुषच बायकांची सोंगे घेतात, मध्येच प्रेक्षकांकडे वळून बोलतात, कथेचा धागा सोडून नकला करतात आणि पुन्हा धाग्यावर येतात. तमाशाच्या बतावणीचीही रीत तीच. शिमग्याच्या दिवसांतला मोकळा चावटपणा आणि लग्नातल्या बायकांची टोचरी गाणी यांनी या भागातल्या कानाला द्वयर्थाची सवय लावलेली होती. समीक्षकांना जो विस्कळीतपणा आणि अश्लीलता दिसली, ती या प्रेक्षकाला ओळखीच्या खेळाची रीत वाटली.

टॉकीज नसलेल्या गावांत सिनेमा तंबूतून आला. मुंबई सिनेमा नियमन कायद्याने (१९५३) आणि त्याखालच्या नियमांनी फिरत्या सिनेमाला वेगळा परवाना दिला, आणि टुरिंग टॉकीजचे मालक ट्रकमध्ये यंत्र, जनरेटर, कनाती आणि पडदा भरून यात्रांमागून यात्रा करत. वऱ्हाडात त्यांना सर्वांत लांब मुक्काम देणारी यात्रा म्हणजे बहिरमची. चांदूरबाजार तालुक्यात, परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी भरणारी ही यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते आणि जानेवारी सरेपर्यंत चालते. ऐन कापसाच्या हंगामात, महिनाभराहून अधिक. शेतकरी सहकुटुंब बैलगाड्यांनी येऊन राहुट्या टाकत. हंडीतले मटण आणि रोडगे हा तिथला प्रसिद्ध बेत. रात्री तमाशाचे फड आणि सिनेमाचे तंबू जागे असत. पौषातल्या रविवारी ऋणमोचनला, कार्तिकात कौंडण्यपूरला अशा इतर यात्रांतही माणसांचा लोंढा लोटे.

तंबूत जमिनीवर बसायचे, मध्ये दोरी, एका बाजूला बाया आणि दुसऱ्या बाजूला गडी. यंत्र बहुधा एकच असल्याने दर रीळ संपले की अंधार होई आणि नवे रीळ चढेपर्यंत शेंगा फोडल्या जात. भोंग्यावरून दिवसभर जाहिरात चाले आणि जाहिरातीत पिच्चरच्या दर्जाला जागा नसे. फाईट किती, गाणी किती, देव कोणता, एवढे सांगितले की लोक येत. यात्रेला पौराणिक आणि मारधाड असे दोन्ही चालत. सकाळी देवदर्शन घेतलेला माणूस रात्री दारासिंग पाहायला बसे आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नसे.

विरोधही याच भूमीतून झाला, आणि तो आदरानेच नोंदवायला हवा. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) अमरावती जिल्ह्याचे. ऋणमोचनच्या यात्रेपासून त्यांनी स्वच्छतेचे आणि लोकजागृतीचे काम केले, कर्ज काढून सण करू नका, व्यसनात पैसा घालवू नका असे ते कीर्तनातून सांगत. यावली गावात जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ‘ग्रामगीते’त (१९५५) यात्रामेळ्यांवर वेगळा अध्याय आहे. गरिबाच्या कष्टाच्या पैशाची दोघांना काळजी होती. मध्यमवर्गाची नाराजी निराळी होती. तिला खर्चाची चिंता नव्हती, रुचीची होती. आपल्या मुलांनी थर्ड क्लासच्या आवडीने बिघडू नये ही भीती होती. सिनेमाबद्दलची अपराधी भावना वऱ्हाडात रुजली ती मुख्यतः या दुसऱ्या वाटेने.

१९६०च्या दशकात दारासिंगचे दिवस आले. बाबूभाई मिस्त्रींचा ‘किंग काँग’ १९६२ चा, त्यापाठोपाठ ‘फौलाद’ (१९६३), ‘सॅमसन’ (१९६४), ‘हर्क्युलस’ (१९६४), ‘बॉक्सर’ (१९६५) अशी रांगच लागली. पुठ्ठ्याचे किल्ले, ओळखू येणारे दोर, तोच तोच राजवाडा. मुंबईच्या समीक्षकांनी या पटांना गंभीरपणे घेतले नाही. पण अमरावती ही हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची नगरी. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. गावोगावी आखाडे होते, नागपंचमीला आणि यात्रांत कुस्त्यांची दंगल होई. ज्याने स्वतः लाल माती अंगाला लावली होती त्याला दारासिंगचा धोबीपछाड पाहताना किल्ला पुठ्ठ्याचा आहे की दगडाचा याच्याशी देणेघेणे नव्हते. पहिलवान खरा होता आणि डाव खरा होता. नटांच्या खोट्या मारामारीपेक्षा हा सिनेमा एका अर्थाने अधिक प्रामाणिक होता, आणि ते जोखणारी नजर पुढच्या रांगांत बसलेली होती.

१९७५ मध्ये ‘शोले’ आणि ‘दीवार’ यांच्या बरोबरीने एका छोट्या चित्रपटाने देशभर गर्दी खेचली: विजय शर्मांचा ‘जय संतोषी माँ’. फारशा प्रसिद्ध नसलेल्या देवीवरचा, अल्प खर्चात झालेला आणि साध्या ट्रिक सीनचा हा चित्रपट. बायका चपला बाहेर काढून टॉकीजमध्ये शिरत, पडद्यावर देवी आली की पैसे आणि फुले वाहत. शुक्रवारचे व्रत, गूळ-चण्याचा प्रसाद आणि आंबट वर्ज्य हा नेम या चित्रपटानंतर घरोघरी पसरला. कलेच्या मापाने दुबळा ठरलेला चित्रपट स्त्रियांच्या आठवड्याचा एक दिवस बदलून गेला, असे भाग्य थोड्याच नामांकित चित्रपटांना लाभले आहे.

मराठीत या साऱ्या इतिहासाचा मध्यबिंदू दादा कोंडके. मुंबईच्या गिरणगावात १९३२ मध्ये जन्मलेले दादा वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने गाजले आणि ‘तांबडी माती’ (१९६९) मधून पडद्यावर आल्यावर १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून त्यांनी तिथे जम बसवला. पुढे ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२), ‘आंधळा मारतो डोळा’ (१९७३), ‘पांडू हवालदार’ (१९७५), ‘तुमचं आमचं जमलं’ (१९७६), ‘राम राम गंगाराम’ (१९७७), ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ (१९७८) असे एकामागून एक रौप्यमहोत्सव झाले. सलग नऊ रौप्यमहोत्सवी चित्रपटांची नोंद गिनीज बुकात गेली. ढगळी हाफपँट, लोंबणारी नाडी, भोळा चेहरा आणि तोंडून निघालेल्या साध्या वाक्याचा चावट अर्थ. दुसरा अर्थ काढणारा प्रेक्षकच दोषी ठरेल अशी ही रचना होती. सेन्सॉरलाही नेमके तिथेच बोट ठेवता येत नसे.

वऱ्हाडात हा विनोद परका वाटला नाही. नायकाची बोली पश्चिम महाराष्ट्राची असली तरी सोंगाड्याचे काम, बतावणी आणि शाहिरी गाणी ही इथल्या तमाशाच्या तंबूत रोजची होती. गावाकडच्या बायकाही दादांच्या चित्रपटांना मोकळ्या हसत. अडचण झाली ती शहरातल्या मास्तर-वकिलांच्या घरांत. तिथे दादांचे नाव काढायची चोरी होती आणि गाणी मात्र सर्वांना पाठ होती. अनेकांनी ते चित्रपट दुसऱ्या गावी, सुट्टीत, मावशीकडे गेल्यावर पाहिले. गावातल्या टॉकीजवर ओळखीचे कोणी भेटेल ही धास्ती. १९८२ हे साल या दुहेरीपणाचे चांगले उदाहरण आहे. त्या वर्षी ‘उंबरठा’ आला, त्यातली काही गाणी मूळ अमरावतीच्या सुरेश भटांची; आणि त्याच वर्षी दादांचा ‘आली अंगावर’. एकाचे कौतुक बैठकीत झाले, दुसऱ्याची उजळणी अंगणात झाली, आणि दोन्ही करणारी माणसे बऱ्याचदा तीच होती.

दादांच्या चित्रपटांना हलके म्हणणाऱ्यांसाठी विदर्भाकडे एक ठोस उत्तर आहे. ‘पांडू हवालदार’चे संगीत राम-लक्ष्मण या नव्या जोडीचे होते आणि हे नाव त्यांना दादांनीच दिले. जोडीतले लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील. राम यांच्या अकाली मृत्यूनंतर पाटलांनी दोघांचे नाव एकट्याने चालवले, आणि ‘मैंने प्यार किया’ (१९८९), ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) या अत्यंत सोज्ज्वळ समजल्या गेलेल्या चित्रपटांचे संगीत त्यांनीच दिले. चावट चित्रपटाच्या ढोलकीवर तयार झालेला हात ‘राजश्री’ या निर्मितिसंस्थेच्या घरगुती गाण्यांना शोभला. २०२१ मध्ये नागपुरातच त्यांचे निधन झाले.

१९८०च्या दशकात व्हिडिओ आला. टीव्ही आणि व्हीसीआर रात्रीपुरते भाड्याने आणून अंगणात तीन-तीन पिच्चर पाहण्याची चाल गावोगाव पडली. छोट्या गावांत पडदे लावलेल्या खोल्यांत व्हिडिओ पार्लर चालले. गणेशोत्सवात मंडळे रस्त्यावर आडवा पडदा बांधून सिनेमा दाखवत. पडद्यामागे बसलेल्यांना नावे उलटी दिसत आणि नायक डावखुरा. या काळाचे खास पीक म्हणजे रामसे बंधूंचे भयपट. त्यांच्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) या पडलेल्या चित्रपटात मुखवट्यातल्या चोराचा प्रसंग तेवढा लोकांना आवडला, हे पाहून त्यांनी भुताचाच धंदा धरला. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२), ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८) ही त्याची फळे. मोजके पैसे, अनोळखी नट, जुनी हवेली, आणि डोळा छोट्या केंद्रांवर. चकवा, मुंजा, हडळ यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पोरांना रात्रीच्या शोहून घरी परतताना पडद्यावरचे भूत शेताच्या बांधावरही दिसे.

ज्याची लाज खरोखर बाळगली जाई तो मात्र मॉर्निंग शो. टॉकीजच्या रिकाम्या सकाळी भरण्यासाठी दक्षिणेकडचे हिंदीत डब केलेले ‘ए’ प्रमाणपत्राचे चित्रपट लावले जात. कॉलेजची मुले तोंडाला रुमाल बांधून, पिच्चर सुरू झाल्यावर आत शिरत आणि दिवे लागण्याआधी निघत. या व्यवहारात काही चांगल्या कृतींचीही फरफट झाली. आय. व्ही. शशींचा मल्याळम ‘अवळुडे रावुकळ’ (१९७८) हा वेश्याव्यवसायात सापडलेल्या मुलीची कहाणी सहानुभूतीने सांगणारा चित्रपट. हिंदीत तो ‘हर नाइट्स’ या नावाने विकला गेला आणि उत्तेजक म्हणूनच ओळखला गेला.

१९९१ मध्ये मराठीने पुन्हा धक्का दिला. विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी चित्रपटावर बेतलेला होता; अलका कुबल यांनी छळ सोसणारी सून साकारली. रडारड म्हणून शहरी समीक्षेने त्याला झिडकारले. बायका मात्र गाड्या करून येत होत्या, सोबत सासू-नणंदांनाही आणत होत्या. जे घरात बोलता येत नव्हते ते टॉकीजच्या अंधारात सर्वांसमक्ष रडून घेता येत होते. तेही सासूच्या शेजारी बसून. या चित्रपटाच्या यशाला भावनेचा बाजार म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी तो बाजार कोणत्या दुःखावर उभा आहे हे पाहायला हवे होते.

त्याच दशकात मिथुन चक्रवर्ती मुंबई सोडून उटीला स्थायिक झाले आणि त्यांच्या हॉटेलाभोवती झपाट्याने, थोडक्यात होणाऱ्या चित्रपटांचा कारखानाच उभा राहिला. निर्माते तिथेच राहून, तिथेच चित्रण उरकून पिच्चर घेऊन जात. हे चित्रपट महानगरांसाठी नव्हतेच. उत्तर प्रदेश, बिहार आणि सीपी बेरारसारख्या मुलुखांत त्यांचा खर्च निघे. एकटा माणूस, बहिणीवरचा अत्याचार, भ्रष्ट पोलीस, शेवटी सूड. पाट्या टाकल्यासारखी कथा असली तरी मिथुन हमालाच्या, रिक्षावाल्याच्या, गरिबाच्या भूमिकेत असे, आणि १९९०च्या दशकात हिंदी सिनेमाचा नायक लंडन-न्यूयॉर्ककडे निघालेला असताना हे महत्त्वाचे होते. थर्ड क्लासमधल्या माणसाला आपल्यासारखा दिसणारा नायक उरला होता तो याच पडेल म्हटल्या गेलेल्या पिच्चरांत.

कांती शाह यांचा ‘गुंडा’ (१९९८) याच पठडीतला. त्याचे यमकांत बोलणारे खलनायक पुढे महानगरांतल्या आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या तरुणांनी संगणकावर शोधून काढले, संवाद पाठ केले आणि ‘इतका वाईट की छान’ अशा अर्थाने त्याला डोक्यावर घेतले. वाईट सिनेमावर हसत प्रेम करण्याची ही नवी तऱ्हा. अकोला-अमरावतीच्या वसतिगृहांतली मुलेही मागच्या रांगेत बसून चढाओढीने शेरे मारत. पुढच्या रांगेतला मजूर तोच चित्रपट मनापासून पाहत असे. एकाच टॉकीजमध्ये हे दोन प्रेक्षक शेजारी नांदले. पिच्चरचे पैसे मात्र पुढच्यानेच वसूल करून दिले होते.

नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात या आवडीने निर्मितीचे रूप घेतले. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी यंत्रमाग कामगारांना घेऊन २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटाने ती धडपड जगाला दाखवली आणि रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये प्रदर्शित झाला.

वऱ्हाडातली जुनी साखळी तुटली ती तंत्राने आणि करधोरणाने. राज्याने २००१ मध्ये मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली. एकपडदा टॉकीजना तशी उभारी मिळाली नाही. २००५ पासून उपग्रहाद्वारे चित्रपट पोहोचवण्याची व्यवस्था आली आणि रिळांच्या पेट्यांची गरज संपत गेली. मुंबईचा शुक्रवार आता अकोल्याचाही शुक्रवार झाला. उशिराने येणारी झिजलेली प्रिंट गेली, हे चांगलेच झाले. पण तिच्याबरोबर स्वस्त भाड्याच्या पिच्चरांचा बाजारही गेला, भुसावळ-अमरावतीच्या वितरण पेढ्यांचे काम आटले आणि थर्ड क्लासचे तिकीट इतिहासजमा झाले. अनेक टॉकीज बंद पडल्या. काहींच्या जागी व्यापारी संकुले आली. यात्रांतले सिनेमाचे तंबू मोबाइलपुढे टिकले नाहीत.

प्रेक्षक मात्र दुसरीकडे सरकला. हिंदीत डब केलेले तेलुगू-तमिळ मारधाडपट दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांवर दिवसभर चालू लागले आणि दारासिंग-मिथुनची जागा त्यांनी घेतली. दादा कोंडक्यांचे चित्रपट, ‘माहेरची साडी’ आणि रामसेंची भुते मोबाइलवर फुकट पाहता येतात; शेतावर राखणीला बसलेला गडी आणि पुण्यात नोकरी करणारा अमरावतीचा मुलगा हे दोघेही ती पाहतात, आणि तोंडाला रुमाल बांधायची गरज दोघांनाही उरलेली नाही.